हरावं म्हणून

हार्वेस्टर्स हरावेत म्हणून लुबा ह्रिंचुक त्या हिवाळ्यात दर रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावत होती. का, ते तिनं देवाला सांगितलं नव्हतं. देवाला बर्फावरच्या हॉकीतलं कळत असेल तर कारण त्याला आपोआप समजेल, आणि कळत नसेल तर सांगून तरी काय उपयोग, असा तिचा सरळ विचार होता.

नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्याला सांगणं जास्त धोक्याचं होतं. ऑरेस्ट ह्रिंचुक हा हार्वेस्टर्सचा जन्मजात भक्त. संघ हरला की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत तो कुणाशी धड बोलत नसे, आणि त्या वर्षी संघ इतका हरला की घरात कुणी मौनव्रत धरलंय असं वाटावं. फेब्रुवारीत एकदा टीव्हीवर सामना चालू होता. समोरच्या संघानं गोल मारला आणि कोपऱ्यात मोजा विणत बसलेली लुबा "वा!" म्हणून गेली.

ऑरेस्टनं मान वळवली. "काय म्हणालीस?"

"टाका चुकला."

"टाका चुकल्यावर 'वा' म्हणतात?"

लुबानं विणकाम मांडीवर ठेवलं. साठीच्या बाईनं स्वतःच्याच घरात किती दिवस चोरासारखं राहायचं? "हो, म्हटलं मी वा," ती म्हणाली. "हरू देत मेले. जाऊ देत तळाला. म्हणजे केलन इकडेच राहील."

ऑरेस्टनं टीव्ही बंद केला. सामना अर्ध्यावर असताना टीव्ही बंद करणारा ऑरेस्ट लुबानं संसारात पहिल्यांदाच पाहिला.

हा केलन म्हणजे काही त्यांचा मुलगा नव्हे. ओझेर्ना हे सस्कॅचेवानच्या सपाट मुलखातलं गाव. धान्याचं एक उंच कोठार, दोन चर्चं आणि बर्फावर खेळायची एक रिंक एवढाच पसारा. पण त्या रिंकवर ज्युनियर संघ खेळतो, आणि त्या संघात खेळायला कुठून कुठून सोळा-सतरा वर्षांची पोरं येतात. ती पोरं गावातल्या घरांत राहतात. घरच्यासारखं जेवायचं, घरच्यासारखी बोलणी खायची, आणि विशी गाठली की निघायचं. ह्रिंचुकांच्या तळघरातल्या खोलीत अशी पुष्कळ पोरं राहून गेली होती. लुबाला मूल झालं नव्हतं. त्याचं रडून झालं, मग पोरं ठेवायला लागली, आणि रडायला वेळ उरला नाही. पोरं तिला 'तीत्का' म्हणत, म्हणजे मावशी. ऑरेस्टच्या पुतण्याच्या तोंडचा तो युक्रेनी शब्द पहिल्या पोरानं उचलला, आणि खोलीच्या किल्लीबरोबर तो एका पोराकडून दुसऱ्याकडे जात राहिला.

पोरं ठेवणाऱ्या बायका एकमेकींना एकच सांगतात: माया करायची, पण गुंतायचं नाही. पोरगं गेलं की चादरी बदलायच्या आणि पुढच्याची वाट बघायची. लुबानं हे वर्षानुवर्षं निभावलं. केलनच्या बाबतीत मात्र ती पार फसली, आणि त्याला कारण झालं कपडे वाळवायचं यंत्र.

केलन अमुंडसन पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटावरून आला होता. झाडं, समुद्र आणि पाऊस एवढंच बघितलेलं पोर. इथल्या उघड्याबोडक्या मुलखात आल्यावर पहिल्या आठवड्यात तळघरातलं यंत्र रोज संध्याकाळी घरघरायला लागलं. पोरगं स्वच्छतेचं भारी दिसतंय, असं लुबाला आधी वाटलं. मग आवाज ऐकून तिच्या लक्षात आलं, यंत्र रिकामं फिरतंय. आत कपडाच नाही. आपलं रडणं वर ऐकू जाऊ नये म्हणून पोरगं ते लावून बसत होतं. लुबा घडी केलेले टॉवेल घेऊन खाली गेली, ते त्याच्याशेजारी बसून उलगडले आणि पुन्हा घड्या घालू लागली. थोड्या वेळानं त्यानंही एक टॉवेल उचलला.

तिथून पुढे तीन वर्षं. ओट्यावर बसून कच्चं पीठ खाणारा केलन. नाताळची युक्रेनी गाणी चुकीच्या शब्दांनी बेंबीच्या देठापासून म्हणणारा केलन. उणे चाळीसच्या सकाळी तिच्या आधी उठून तिची गाडी गरम करून ठेवणारा केलन. आणि हाच केलन त्या वर्षी सगळ्या देशातल्या नव्या पोरांत पहिला गणला जात होता. मोठ्या लीगमध्ये त्याला पहिल्या नंबरानं उचलणार, हे कोठारावरच्या कावळ्यांनाही ठाऊक होतं. उचलणार कोण, एवढाच प्रश्न होता. जो संघ तळाला, त्याला पहिली निवड. आणि तळासाठी दोनच संघ झगडत होते. एक, गावापासून तासाभरावरच्या सास्काटूनचा हार्वेस्टर्स. दुसरा, पार दक्षिणेला एल पासोचा, जिथं बर्फ फक्त सरबतात बघायला मिळतो.

मार्चमध्ये ज्युनियर संघ हरून बाहेर पडला आणि केलन बेटावर आपल्या आईबापांकडे गेला. जाताना म्हणाला, "तीत्का, सास्काटूननं घेतलं ना, तर दर रविवारी जेवायला तुझ्याकडे." पोरं जाताना असं काहीबाही बोलतातच. पण लुबानं ते वाक्य उशाशी घेतलं. तो गेल्यावरही संध्याकाळी ती तळघरातला दिवा लावायची. जेवायला तीन ताटल्या काढायची आणि एक परत ठेवायची. आयुष्यात तिनं फार काही मागितलं नव्हतं. तिला रविवार हवे होते, बस्स.

ऑरेस्टचं म्हणणं वेगळं होतं, आणि तो ते कॉफी पिता पिता, बर्फ उपसता उपसता, कधी कधी झोपेतही मांडत असे. "आपल्या संघानं हरावं असं ज्याला वाटतं त्यानं त्या संघाची टोपी घालू नये."

"मी कुठे टोपी घालते?"

"बर्फावरच्या पोरांना कुठे ठाऊक असतं पुढच्या वर्षी कोण येणार ते? ती आज खेळताहेत. आज. मरमर मरताहेत. आणि आपण घरात बसून म्हणायचं, मरा?"

"मरा कोण म्हणतंय? हरा म्हणतेय."

"खेळणाऱ्याला दोन्ही सारखंच."

"तुझा संघ, ऑरेस्ट. माझं पोरगं." असं लुबा म्हणाली की वाद तिथंच थांबायचा. कारण ऑरेस्टलाही पोरगं हवं होतं. एकदा तर गाडी धुताना तो केलनचं ते चुकीच्या शब्दांचं गाणं गुणगुणताना तिनं पकडला होता.

गावात तर उघड दोन तट पडले होते. शेजारचा विल्फ हरावंवाल्यांचा पुढारी. तो रोज सकाळी येऊन गुणांचा तक्ता वाचून दाखवायचा आणि ऑरेस्टचं तोंड पाहून खूश व्हायचा. शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, "शनिवारी शेवटचा सामना. हरलो की तळ पक्का. जिंकलो, इतकंच काय, बरोबरीत वेळ संपली तरी एक गुण मिळणार आणि तळ सुटणार. मग तुमचा केलन गेला वाळवंटात, उंटावर बसून खेळायला."

"अमेरिकेत उंट नसतात," ऑरेस्ट म्हणाला.

"केलनसाठी आणतील."

त्याच दिवशी दुपारी घरातला फोन वाजला. हल्ली त्या नंबरावर औषधवाल्याशिवाय कुणी फोन करत नसे.

"तीत्का? मी लिऑन."

लुबाच्या तोंडाशी आलं होतं, कोण लिऑन? पण 'तीत्का' म्हणणारा आवाज म्हणजे खोलीतलंच कुणीतरी पोरगं, म्हणून तिनं शब्द आवरला. "अगंबाई, लिऑन!" असं म्हणून ती आठवणीत धावाधाव करू लागली.

"लिऑन प्रुडन. गोली होतो मी. फार वर्षं झाली आता."

मग आठवला. जाळीपुढे उभा राहून गोल अडवणारा, उत्तरेच्या खाणीच्या गावातून आलेला काळासावळा, लांब हातांचा पोरगा. आई एकटीच होती त्याची, आणि ती त्याच काळात आजारी पडली होती. लुबाच्या लक्षात राहिलं होतं ते एवढंच की पोरानं कधी त्रास दिला नाही. त्रास न देणारी पोरं लक्षात राहत नाहीत, ही त्या धंद्यातली वाईट गोष्ट.

"मी शनिवारी खेळतोय, तीत्का. सास्काटूनकडून."

"आपल्या हार्वेस्टर्सकडून?"

"हो. इतकी वर्षं खालच्या लीगमध्येच बसमधून फिरतोय. मोठ्या लीगमधला हा माझा पहिलाच." तो जरा हसला. "दोन्ही मोठ्या गोलींची पाठ एकाच दिवशी धरली म्हणे. मला का उभं करताहेत ते कळतं मला. पण जाळी ती जाळीच ना. खेळाडूंच्या घरच्यांच्या खुर्च्या असतात, खाली, बर्फाजवळ. दोन तिकिटं तुमच्या नावानं खिडकीवर ठेवतोय. याल?"

"येणार म्हणजे काय! आणि तुझी आई रे?"

"ती गेली, तीत्का. बरीच वर्षं झाली."

फोन ठेवून लुबा ओट्याकडे गेली. मग तिनं पीठ मळायला घेतलं. पोरांना सामन्यानंतर डबा न्यायचा ही तिची जुनी रीत. वरेनिकी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या छोट्या करंज्या, लोण्यात परतलेला कांदा वर घालून. पण सारणापाशी हात अडला. केलनला बटाटा-चीज. आधीच्या एकाला कोबी. एक तर फक्त चेरीचे खायचा. लिऑनला काय आवडायचं? दोन हिवाळे हा पोरगा तिच्या टेबलाशी बसून जेवला होता, आणि तिला काही केल्या आठवेना. शेवटी तिनं बटाट्याचेच केले.

संध्याकाळी केलनचा फोन आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. पलीकडून पोरगं केवढ्यांदा ओरडलं! "माझ्या खोलीतला? खालच्या खोलीतला गोली? तीत्का, तू जातेयस ना?" शनिवारी काय झालं तर काय होईल, याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. तीही बोलली नाही.

शनिवारचा सामना दुपारचा होता. रस्त्याकडेचा बर्फ वितळून शेतांत तळी झाली होती आणि त्यांत परतलेली रानबदकं उतरली होती. ऑरेस्टनं आपली जुनी जर्सी घातली होती. गाडीत तो एकच वाक्य बोलला. "आज तरी?"

"आज तरी काय?"

"काही नाही."

खरं तर लुबानं मनाशी तोडगा काढला होता. लिऑननं सगळे फटके अडवावेत, उत्तम खेळावं, लोकांनी तोंडात बोटं घालावीत. आणि तरीही संघ हरावा. हे कसं जमायचं ते देवानं बघावं. इतका हिवाळा मेणबत्त्या लावल्यावर तेवढं त्यानं करायला हरकत नव्हती.

स्टेडियम गच्च भरलं होतं. तळाला चाललेल्या संघाच्या सामन्याला इतकी गर्दी, आणि सगळी हार बघायला आलेली. कुणी लाजेचं सोंग म्हणून डोक्यावर कागदी पिशव्या घातल्या होत्या. कुणी पुठ्ठ्यावर केलनचं नाव लिहून आणलं होतं. ते नाव दिसलं की लुबाचं ऊर भरून यायचं, कुणी काहीही म्हणो. लिऑन बर्फावर आला. आडदांड झाला होता, दाढी वाढली होती, पण जाळीपुढे उभं राहताना डावा खांदा पाडायची लकब तीच. त्यानं कोपऱ्यातल्या खुर्च्यांकडे बघून काठी उचलली. ऑरेस्टनं टोपी काढून हलवली, लुबानं हात.

पहिलाच फटका त्यानं छातीवर घेतला आणि सगळं स्टेडियम हुर्यो करून उठलं. आपल्याच गोलीची हुर्यो. पुढचा त्यानं पायानं अडवला, पुन्हा हुर्यो. मग समोरच्यांनी एक मारला, पुढे दुसरा, दोन्ही वेळा लोक नाचले. ऑरेस्ट एकटा उभा राहून ओरडत होता, "शाब्बास लिऑन! असाच उभा राहा!"

मागून एक पोरगेलासा गृहस्थ म्हणाला, "ओ काका, चुकीच्या बाजूनं ओरडताय."

"माझाच संघ आहे."

"आमचाही आहे की. म्हणून तर म्हणतोय. हरलो तर अमुंडसन मिळतोय."

"बाबा रे," ऑरेस्ट न वळता म्हणाला, "तो अमुंडसन माझ्या घरी जेवतो. तू मला त्याचं कौतुक सांगू नकोस."

मागच्या गृहस्थानं केलनचं नाव लिहिलेला पुठ्ठा हळूच खाली घेतला.

खेळ लांबत गेला तसा लुबाचा तोडगा अंगावर यायला लागला. कारण लिऑन खरोखरच सगळं अडवत होता. आडवा पडत होता, उताणा पडत होता, मुखवट्यावर खेळातली रबरी चकती झेलत होता. त्याच्यापुढची पोरं, जी सगळा हिवाळा पाय ओढत खेळली होती, तीसुद्धा त्याला बघून चेव आल्यासारखी धावायला लागली. हार्वेस्टर्सनी एक मारला. मग आणखी एक. दोन-दोन झाले. गर्दी चिडली. "सोड रे, सोड!" असं हजारो लोक एका सुरात त्या एका माणसाला सांगू लागले. आणि लुबा, हात मांडीवर घट्ट धरून, ओठ न हलवता तेच म्हणत होती. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी ती म्हणतच होती. सोड रे राजा. एकच. तुझं काय जाणार आहे? माझे रविवार आहेत ते.

शेवटचं मिनिट लागलं. बरोबरी टिकली की एक गुण, एक गुण मिळाला की तळ सुटला, तळ सुटला की केलन गेला. जाळीपुढे दोन्हीकडच्या पोरांची झोंबाझोंबी झाली. काठ्या, पाय, कुणीतरी पडलं. चकती दिसेनाशी झाली. आणि मग लिऑनच्या मागची जाळी हलली आणि लाल दिवा लागला.

लुबा कधी उठली ते तिला कळलं नाही. दोन्ही हात वर गेले होते आणि ती हसत होती, तोंड भरून, रडत रडत. येतोय. माझा पोरगा येतोय. आजूबाजूला खेळाडूंच्या बायका, आया, भाऊ, सगळे बसलेले होते. त्या रांगेत उभी होती ती एकटी.

लिऑन हळूहळू उठला. मुखवटा वर केला, जाळीवरची बाटली घेतली आणि पाणी पिता पिता कोपऱ्याकडे बघितलं. तिच्याकडे. हात खाली घ्यायचे असतात हे लुबाला सुचेपर्यंत त्यानं बघून झालं होतं. त्यानं मुखवटा पुन्हा ओढला.

ऑरेस्ट टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

सामन्यानंतर खालच्या बोळात घरची माणसं थांबतात. लुबा डबा घेऊन थांबली. पळून जावं असं तिला फार वाटत होतं, पण ऑरेस्ट भिंतीला टेकून ठाम उभा होता. लिऑन केस ओले, खांद्यावर पिशवी असा बाहेर आला. "तीत्का," म्हणाला आणि वाकून त्यानं तिला मिठी मारली. साबणाचा वास येत होता त्याला.

"काय खेळलास रे!" ऑरेस्ट म्हणाला. "डोळ्यांचं पारणं फिटलं."

"शेवटचा दिसलाच नाही. आमच्याच माणसाच्या पायांआडून आला." मग तो लुबाकडे वळला. "तीत्का, तो मी सोडला नाही हं."

"अरे, असं कोण म्हणतंय?"

"कुणी नाही. पण केलन तुझ्याकडे असतो ते मला माहीत होतं. पेपरात फोटो आला होता, तुझ्या स्वयंपाकघरातला. ओट्यावर बसलेला." तो हसला. "आम्हाला बसू द्यायची नाहीस ओट्यावर. तर, तुला काय हवं असणार ते मला कळत होतं. मधे एक सोपा आला होता. म्हटलं, जाऊ द्यावा. पण हात ऐकतात थोडेच? म्हणून सांगितलं. लिऑननं आपल्यासाठी सोडला असं तुला वाटायला नको. आणि तू उभी राहिलीस ना, त्याचं काही मनात ठेवू नकोस."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लुबाला झालं. "मग आम्हाला बोलावलंस कशाला रे?" तिच्या तोंडून निघून गेलं. "हे सगळं माहीत होतं, तर तिकिटं कशाला ठेवलीस?"

लिऑननं खरंच नवल वाटल्यासारखं तिच्याकडे बघितलं. "दुसरं कोण होतं?" तो म्हणाला.

त्यानं ते तक्रारीनं म्हटलं नाही. डबा उघडून त्यानं एक वरेनिकी तिथंच तोंडात टाकला.

"बटाट्याचे केलेत. तुला कुठले आवडायचे ते मला..."

"मला सगळेच आवडायचे."

"उद्या रविवार आहे. घरी ये जेवायला," लुबा म्हणाली. "खोली रिकामीच आहे. आज रात्रीच चल."

"आज संध्याकाळचीच बस आहे, तीत्का. खालच्या संघाचे अजून सामने आहेत. पुढे कधीतरी येईन." त्यानं ऑरेस्टशी हात मिळवला, डबा पिशवीत नीट सरळ ठेवला आणि बोळाच्या टोकाचं दार ढकलून गेला. पुढे कधीतरी म्हणजे केव्हा ते लुबानं विचारलं नाही. पोरं कशी जातात ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

गाडी शहराबाहेर पडली तेव्हा ऊन अजून होतं. लुबाच्या पर्समधला मोबाइल वाजला.

"तीत्का! तळाला! बघितलंस? इथं आई रडतेय, बाबा म्हणताहेत जाड कोट घे नवा. मी येतोय गं! जूनमध्ये नाव पुकारतील, पण आता कोण अडवतंय?"

"हो रे सोन्या," लुबा म्हणाली.

"आणि लिऑन काय खेळला! मी टीव्हीसमोर उभाच होतो. पण लोक किती घाण हुर्यो करत होते त्याची. ऐकवेना मला. आवाज बंद केला शेवटी." तो जरा थांबला. "मी आईला म्हटलं, त्याला काही वाटणार नाही, तीत्का आहे तिथं. जाळीपाशी फार एकटं असतं गं माणूस. आपलं एक जरी कुणी दिसलं ना, तरी पुरतं. गोल झाल्यावर कॅमेरा फिरवला त्यांनी, सगळे नाचत होते. तुम्ही दिसला नाहीत."

"आम्ही खाली होतो. कोपऱ्यात."

"पुढच्या वर्षी माझ्यासाठीपण तिथंच बसशील ना? पहिल्या वर्षी हरणारच आम्ही खूप. हरत असलो तरी येशील?"

"येईन."

"नक्की?"

"नक्की रे."

फोन बंद झाला. सगळा हिवाळा ज्या शब्दांसाठी तिनं जीव टांगणीला लावला होता ते शब्द आले होते. केलन येणार होता. रविवार मिळाले होते, ताटली परत ठेवायची गरज नव्हती. आणि लुबाला आता त्यातलं काहीच नको होतं. तिला ते एक मिनिट परत हवं होतं. लाल दिवा लागल्यानंतरचं. त्या खुर्चीत नुसतं बसून राहायचं होतं, हात मांडीवर ठेवून, तो पाणी पिता पिता बघेल तेव्हा त्याला दिसेल असं. एवढंच. इतक्या आवेगानं तिनं केलनचीही वाट बघितली नव्हती.

"येतोय ना?" ऑरेस्टनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"येतोय."

दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेली शेतं मागे पडत होती.

"ऑरेस्ट," लुबा म्हणाली, "त्यानं बघितलं मला."

ऑरेस्टला तिला काहीतरी बरं वाटेल असं सांगता आलं असतं. चाळीस वर्षांच्या संसारात तो तसं अनेकदा खोटं बोलला होता. पण लिऑन गोली होता, ऑरेस्टच्या संघाचा गोली.

"हो," तो म्हणाला. "बघितलं."